पऱ्ह्यांचा ठेवलेला कोपरा

आत्याबाई, तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडे बसायला पाट मिळतो की खालीच बसावं लागतं? मामंजींचा खोकला आता थांबला असेल असं मी धरून चालते. इकडे असताना आपण अडुळसा उकळून उकळून भांडी काळी केली, पण त्यांची तंबाखूची डबी लपवायचं धाडस ना तुम्हाला झालं ना मला. आमचे हे जेवताना अजून वरून मीठ घेतात का? घेत असतील तर मिठाची वाटी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. भाऊजींचा डावा कान काही सुधारला का, की अजून उजव्या बाजूला बसूनच बोलावं लागतं? आणि त्यांचा मुलगा, तुमचा लाडका नातू. तो रांग मोडून तुमच्याकडे आला. त्याचा ताप उतरला का ते आधी कळवा. इकडून निघाला तेव्हा कपाळावरची ओली पट्टी पापडासारखी वाळत होती आणि त्याची बायको ती पुन्हा पुन्हा भिजवत होती. मला त्या पोरीबद्दलच लिहायचं आहे, पण एकदम लिहवत नाही. थोडं फिरून येते.

माझं म्हणाल तर डोळे चांगले आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून अक्षर कसं धुतल्यासारखं दिसतं. नाक मात्र बिघडलं. चुलीवर नवा भात रटरटत असला तरी मला सडलेल्या धानाचा वास येतो. डॉक्टरने बॅटरी लावून पाहिलं, म्हणाला आजी नाकात काही नाही. नाकात नसेल बाबा, म्हटलं, पण गावात आहे.

वाचायला मी तुमच्या डोळ्यांसमोर शिकले. युरियाच्या पोत्यावरची अक्षरं पाहून कोळशाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर गिरवायची. भिंतीचा सत्यानाश केला म्हणून तुम्ही दिवसभर मला बोललात, आणि दुसऱ्या दिवशी पोतेरं घेऊन भिंत सारवलीत तेव्हा तेवढी अक्षरं सोडून सारवलीत. तुम्हाला स्वतःला त्यातलं एकही लागत नव्हतं. माहेरून आलेलं सोनं कधीचं गेलं आत्याबाई, पण ती न सारवलेली हातभर भिंत मी अजून कोणाला दाखवावी तशी मनात दाखवत असते. त्या अक्षरांमुळेच आज गावातल्या बाया कागद घेऊन माझ्याकडे येतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली की मला हाक येते. मी मोठ्याने वाचते, बाया कान देऊन उभ्या राहतात. त्याच तोंडाने मी काय बोलले ते पुढे येईलच.

तुम्हाला धानाची माझी पहिली रोवणी आठवते का? मी नवी नवरी. काम लवकर संपलं म्हणजे शाबासकी मिळेल म्हणून मी शेताच्या वरच्या बांधीतले धानाचे सगळे पऱ्हे उपटून जुड्या बांधल्या, एक रोप ठेवलं नाही, आणि हातपाय धुऊन तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. तुम्ही बांधीकडे पाहिलं आणि तुमचा चेहराच उतरला. "हे काय केलं बाई? आता कोणी मांगाले आलं त काय देशीन, तुया बांगड्या?" मला वाटलं, सासूला खोट काढायचीच असते. आठ-दहा दिवसांनी नाला फुटला आणि पलीकडची एक बाई पदर डोक्यावर घेऊन आपल्या दाराशी आली. तिची रोवणी वाहून गेली होती. तुम्ही उंबऱ्यात उभं राहून तिला हात जोडलेत. "नाही बाई, यंदा ठेवलेच नाही," म्हणालात. ती गेली. त्या दिवशी तुम्ही मला वाढलंत आणि स्वतः पानावर बसला नाहीत. मला मारलं असतंत तर बरं झालं असतं. तेव्हापासून दर वर्षी वरच्या बांधीत पऱ्ह्यांचा एक कोपरा मी राखून ठेवते, पुराची भीती सरेपर्यंत. आपल्यासाठी नाही, मागणारीसाठी. नाल्याच्या अलीकडे-पलीकडे सगळ्यांना ठाऊक आहे, या घरी पऱ्हे मिळतात.

गेल्या वर्षी तो कोपरा कामी आला. वैनगंगेचं पाणी चढलं आणि तीन दिवस बांध्यांवर बसून राहिलं. उतरलं तेव्हा सगळी रोवणी चिखलाला चिकटून निजली होती, वर बोट फिरवलं तर पानं हाताला यायची. आपली रीत तुम्हीच घालून दिलेली, ज्या घरी हात कमी त्या घरची बांधी आधी. म्हणून आम्ही बाया तुमच्या नातसुनेच्या, त्या पट्टी भिजवणाऱ्या पोरीच्या, बांधीत उतरलो. पोरगी संकोचून म्हणते, "काकी, आधी तुमची करा न." मी म्हटलं, "चूप बस. तुयी आजेसासू वरून पाहून राहिली, मले झोडपंन." मग एकीने सुरू केलं, "एवढा पूर आला पण काकीचा कोपरा सुका. काकीनं नदीले चहा पाजला असंन." दुसरी म्हणे, "चहा कायचा, तंबाखू देली असंन." हसत हसत सडलेलं उपटत होतो, नवं रोवत होतो. पोरीने सगळ्यांना काळा चहा दिला, दूध नव्हतं. उन्हं कलली तेव्हा तिची बांधी पुन्हा हिरवी दिसत होती आणि माझे पऱ्हे संपले होते. आमची बांधी तशीच सडकी राहिली. मला त्याचं काही वाटलं नाही. सरकारची मदत येणार असं सगळे म्हणतच होते.

त्याच दिवसांत गावातला पुढारी ट्रॅक्टर घेऊन आला. नाव लिहीत नाही, तुम्ही त्याच्या आजीला ओळखता, वाटीभर साखर नेऊन अर्धी वाटी परत करणारी. मोठ्या मायेने म्हणाला, "काकी, हे सडकं काढून टाकाचंच हाये न. तुमच्या म्हाताऱ्या हातानं कायले करता, मी नेतो. ट्रॅक्टर आपलाच हाये." मला वाटलं, माणूस सुधारला. मी त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. त्याने आमच्या बांधीतला सडका धान भरून नेला. कुठे नेला ते पंचनाम्याच्या दिवशी कळलं. टेकरावर त्याची पडीत जमीन आहे, तिथे पाणी कधी चढत नाही आणि धान कधी लागत नाही. तिथे त्याने आमची सड अंथरली आणि मधोमध उभा राहून फोटो काढून घेतला. चेहरा असा केला होता म्हणतात, जणू घरातलं कोणी गेलं.

आणि आमच्याकडे काय झालं ते ऐका. पाणी उतरून बरेच दिवस झाल्यावर तलाठी आला. पोरगा आहे, बोलायला गोड, पायात बूट. त्याच्या मोबाईलमध्येच सगळा पंचनामा. एका गटाचा एक फोटो. तुम्हाला ठाऊक आहे, दोन्ही भावांची, आमच्या ह्यांची आणि भाऊजींची, जमीन अजून एकाच सातबाऱ्यावर, एकाच गटात आहे, आणि रस्त्याकडून आधी पोरीची बांधी दिसते, आमची मागे. तो रस्त्यावरच थांबला. म्हणाला, "मावशी, इथं तर पीक उभं आहे. उभ्या पिकाचं नुकसान कसं लिहू?" मी म्हटलं, "साहेब, हे मेलेल्या पिकावर उभं केलं हाये. धुऱ्यावर या, मागची बांधी पाहा." बूट भरतील म्हणून तो आला नाही. तेव्हा मीच चिखलात उतरले, तळातून काळी कुजलेली मुळं काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्याने रुमाल काढला, बोटं पुसली, एक एक बोट. रागावला नाही. समजावून सांगावं तसं म्हणाला, "फोटोत वास येत नाही मावशी." आणि मोबाईलवर बोट दाबून पुढे गेला.

यादी लागली, मला हाक आली, मी वाचली. वरून तिसरं नाव पुढाऱ्याचं. आमच्या गटातलं एकही नाही. मी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. तालुक्याला गेले. तिथल्या बाबूने ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू, बसायला खुर्चीही दिली. मग म्हणाला, आता पोर्टल बंद झालं. "पुढच्या वेळी ध्यान ठेवा आजी, साहेब येईस्तोवर हात लावाचा नाही. तेहतीस टक्क्यांच्या वर सडलेलं दिसलं पाहिजे." दिसलं पाहिजे. पुढचा पूर त्याने असा सांगितला, जणू पुढच्या मोटरीची वेळ सांगतो आहे. घरी आले तर तुमचा नातू, माझा लेक, ओट्यावर बसला होता. म्हणाला, "माय, तुया त्या कोपऱ्यानं दोन घरं बुडवले." तुमची नातसून तेवढ्यात आली. तिच्या कानावर ते पडलं. हिवाळ्यात तिच्या अंगणात त्या उशिराच्या रोवणीचा धान पडला, थोडाच, पण पडला, आणि पहिलं सूपभर ती माझ्याकडे घेऊन आली. "काकी, मदत नाही त नाही. खाले झालं न," म्हणाली.

आता यंदाचं. यंदा पुन्हा पाणी चढलं आणि पुन्हा बसलं. उतरलं तेव्हा गावात एक बाई शेतात उतरली नाही. एकही नाही, आत्याबाई. नळावर सगळ्या भेटायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, "आला का वो साहेब?" "नाही आला." "मंग राहू दे तसंच." जे हात चिखल पाहिला की आपोआप वाकायचे, ते मांडीवर ठेवून आम्ही ओट्यावर बसलो. मळ्यावरून वारा आला की घरात येऊन उभा राहायचा. सडलेल्या धानाचा वास तुम्हाला सांगायला नको, पण हा साधा नव्हता, यात आमचं बसून राहणं मिसळलं होतं. धानात किडे पडले, बगळे आले, जेवताना बाया नाकाला पदर लावून एका हाताने घास घ्यायच्या. आणि धुऱ्यावरून जाताना माणसं काय बोलायची? "तुमचं चांगलं सडलं." "तुमच्यापेक्षा आमचं जास्त." चांगलं सडलं. धानाला कोणी असं कधी म्हटलं होतं का? मला त्या माणसांची किळस यायची आणि मग ध्यानात यायचं, कालच मीही एकीला तेच म्हटलं होतं.

पऱ्ह्यांचा कोपरा मात्र मी यंदाही ठेवला होता. सवयीने. वरच्या बांधीत, पळसाच्या आडोशाला, तांबड्या मातीत. हिरवागार होता, हात फिरवावा असा. लेकाने पाहिला तेव्हा तो खाली बसून हळू आवाजात मला म्हणाला, "माय, हात जोडतो. एकच गट हाये. तिची बांधी हिरवी दिसली का आपलीबी मदत गेली. यंदा कोणाले देऊ नोको." लेक वाईट नाही. त्याच्या डोक्यावर काय आहे ते मला दिसतं. मी काही बोलले नाही, आणि माझं न बोलणं त्याने हो धरलं. मीही ते हो म्हणूनच न बोललेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले आहे. तुमची नातसून मागच्या दाराने येते आणि उंबऱ्याशी थांबते, आत येत नाही. "काकी, पऱ्हे असन त चार जुड्या द्या न. मदत नाही भेटली तरी चालते. पण बांधी अशी पडून हाये न, मले जेवण जाऊन नाही राहिलं." मी सुपातून मान वर करत नाही. खडा निवडल्यासारखं करते. खडा नाही तिथे. आणि म्हणते, "नाही बाई, यंदा ठेवलेच नाही."

तुमचेच शब्द, आत्याबाई. मला वेगळे सुचलेसुद्धा नाहीत. तुम्ही ते म्हटलेत तेव्हा ते खरे होते आणि तुम्ही जेवला नव्हतात. ती म्हणाली, "बरं काकी." मी मान खालीच ठेवली होती म्हणून मला तिचे पाय दिसले. नदीकाठची आपली सगळी माती काळी. तिच्या टाचांना, बोटांच्या बेचक्यांत ओली तांबडी माती होती. वरच्या बांधीशिवाय तशी माती आपल्या शिवारात कुठे नाही. ती कोपरा पाहूनच मागायला आली होती. तरी म्हणाली, बरं काकी. आणि जाताना दार हळू ओढून घेतलं, कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून. त्या दिवशी मी जेवले, आत्याबाई. भूक लागली होती.

त्यानंतर चार दिवसांनी साहेब आला. यंदा त्याला बूट भरायची भीती नव्हती, रस्त्यावरूनच सगळं काळं दिसत होतं. मला म्हणाला, "मावशी, जरा पुढे उभ्या राहा, फोटो चांगला येईल." मी उभी राहिले. पदर नीट केला, तेवढंही केलं. रोवणीचे दिवस तोवर निघून गेले होते. मग यादी लागली, मला हाक आली. पुढारी होताच, यंदा त्याच्या पडितात कोणाची सड होती कोण जाणे. खाली माझ्या लेकाचं नाव, त्याच्या खाली लगेच तुमच्या नातसुनेचं. तिच्या नावाशी आले तेव्हा मी चष्मा काढून पुसू लागले. ती मागून म्हणाली, "वाचा न काकी, तुमीच त वाचता आमचं." टोमणा मारणाऱ्यांतली ती नाही. टोमणा असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं.

मदत जमा झाली. पोरीलाही मिळाली, हे मी माझ्या मनाला रोज सांगते. पण हिवाळ्यात तिच्या अंगणात यंदा धान पडला नाही. ती दुकानातून तांदूळ आणते, पिशवी पदराखाली धरून, माझ्या दारावरून. शेतकऱ्याच्या घरात तांदळाची पिशवी लपवून आणायची वेळ, आणि ती लपवते कोणापासून, तर माझ्यापासून, मला वाईट वाटू नये म्हणून. कोपऱ्यातले पऱ्हे उंच झाले, पिवळे पडले, रोवायच्या कामाचे राहिले नाहीत. एक दिवस लेकाने कापून गाईपुढे टाकले. गाय खात होती आणि मी मागच्या दाराला टेकून ऐकत होते, रवंथ संपेपर्यंत. सरकारचा, पुढाऱ्याचा, त्या रुमालाने बोटं पुसणाऱ्याचा मला वीट आला आहे, भर चौकात म्हणेन. पण त्यांच्यातला कोणी माझ्या स्वयंपाकघरात येऊन तांदूळ निवडत बसला नव्हता.

हे पत्र मी पुरं लिहिलं, पण धाडणार नाही. धाडता येत नाही म्हणून नाही. नदी आहे, दर अमावस्येला बाया तिच्यात काय काय सोडतात, एक कागदही गेला असता. पण तिकडे ते तुम्हाला वाचून कोण दाखवणार? तुम्हाला अक्षर लागत नाही, मामंजी अंगठा द्यायचे, भाऊजींची शाळा दुसरीत सुटली, आमच्या ह्यांना सहीपुरतं यायचं. तुमच्यात वाचणारा एकच आहे. इकडे कॉलेजातून आला की तुमच्या पायाशी बसून पेपर वाचून दाखवायचा तोच. मागच्या दाराशी उभी राहून पऱ्हे मागणारी ती कोण, हे त्याला तुम्ही विचारायच्या आधीच कळेल, आणि पुढचं वाचून दाखवताना तो थांबेल की न थांबता वाचेल, यातलं मला काहीच सोसणार नाही. म्हणून हे तांदळाच्या कोठीत, तळाशी ठेवते. तिला मात्र अजून काही सांगितलेलं नाही. रोज ती येते, रोज मी उद्यावर ढकलते.

येत्या पावसाळ्यात वरच्या बांधीत कोपरा ठेवावा की नाही, एवढंच मला विचारायचं होतं. गुडघ्यांना तेल लावत जा, आणि उत्तर लवकर लिहा. लिहायला बसेल तो तोच, हे मला ठाऊक आहे. तरी लिहा.